दोर हातात आल्याशिवाय गाणं कळत नाही : मिस्टिकच्या सागरी संग्रहालयातले दोन दिवस

रापणकराची नात

मी मूळची वेंगुर्ल्याच्या बाजूची. सध्या मुक्काम कनेक्टिकट. घरापासून तासाभरावर मिस्टिक नावाचं गाव आहे आणि तिथे नदीकाठी मिस्टिक सीपोर्ट हे सागरी संग्रहालय. चार वर्षं "जाऊ या कधीतरी" चाललं होतं. संग्रहालय म्हटलं की काचेच्या पेटीत गंजका नांगर आणि खाली "हात लावू नये" ही पाटी, एवढंच माझ्या डोक्यात. शेवटी जूनमध्ये लेकाला सुट्टी लागली आणि करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही म्हणून गेलो. एक दिवसासाठी गेलो होतो, दुसऱ्या दिवशी परत गेलो.

तिथे चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन नावाचं लाकडी जहाज आहे. १८४१ साली न्यू बेडफर्डला बांधलेलं, देवमाशांच्या शिकारीचं. ऐंशी वर्षांत ३७ सफरी केल्या, १९२१ ला निवृत्त झालं आणि १९४१ मध्ये मिस्टिकला आणलं. तशा शेकडो जहाजांपैकी आता हे एकच उरलंय. आम्ही डेकवर गेलो तर एक पन्नाशीची बाई उभी. तिने शीड चढवायचा जाड दोर आम्हा पंधरावीस पाहुण्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, ओढा.

ओढला. ज्याने त्याने आपापल्या मनाने. एक आजोबा जोर लावून लालबुंद झाले, माझा नवरा मागच्या मागे बसला, शीड ढिम्म. बाई शांतपणे बघत होती, रोजचाच खेळ असणार. मग तिने आवाज लावला. ओळ ती म्हणणार, पुढचं पालुपद आम्ही, आणि पालुपदातल्या दोन ठरलेल्या शब्दांवर ओढायचं. बाकीच्या वेळी दम खायचा. तिसऱ्या ओळीला शीड सरसर वर.

मला हसूच फुटलं. लोकांना वाटलं आनंदाने हसतेय. अहो, ही तर रापण! ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडत जातात, जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन रांगा करून माणसं ते वाळूवर ओढून आणतात. माझा आजा रापणीवर होता. रांगेतला एक जण ओरडायचा, बाकीचे ओ द्यायचे आणि त्या ओ-वर तीसचाळीस माणसांचे पाय एकदम वाळूत रुतायचे. लहानपणी मला वाटायचं, हे उगाच मजेत ओरडतात.

त्या बाईने नंतर अर्धा तास नुसतं बोलून दाखवलं. ही गाणी म्हणजे शँटी. कामाप्रमाणे गाणं. शीड चढवताना झटके द्यायचे असतात, म्हणून तिथे ओळीला दोन ओढी. नांगर उचलताना चरखाभोवती गोल गोल चालायचं असतं, तिथे झटका चालत नाही, म्हणून लांबलचक पालुपदाची, चालीची गाणी. पंपावर आणखी वेगळी. बऱ्याच गाण्यांचं मूळ कृष्णवर्णीय मजुरांकडे जातं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांत कापसाचे गठ्ठे जहाजात ठासून भरताना ते गायचे, तिथून खलाशांनी उचललं. गाणारा चांगला असेल तर तो दहा माणसांचं बळ घेऊन येतो, असं ती म्हणाली. आमच्याकडे हेच बैलजोडीबद्दल म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दोर वळण्याची कार्यशाळा. प्लिमथच्या दोरखंड कारखान्याच्या लांबच लांब इमारतीचा तुकडा तिथे आणून ठेवलाय. मूळ इमारत हजार फुटांहून लांब, इथे अडीचशे फूट. लांबी कशाला, तर दोर वळायचा म्हणजे माणसाला वळता वळता मागे मागे चालत जावं लागतं. इमारत जेवढी लांब तेवढा दोर लांब. मुलांना सुतं देऊन वळायला लावलं. सूत एका बाजूला पिळायचं, तीन पेड एकत्र करताना मात्र उलट्या बाजूला. दोन्ही पीळ सुटायला बघतात आणि सुटण्याच्या धडपडीत एकमेकांना आवळून धरतात. लेकाने वळलेला हातभर दोर आता आमच्या फ्रिजच्या दांड्याला बांधलाय. माझा आजा मांडीवर काथ्याचं सुंभ वळायचा तेव्हा हीच उलटसुलट गंमत होती. त्याच्या मांडीवरचे केस कायमचे गेलेले आठवतात. ते बघून मी कधी विचारलंसुद्धा नाही की हा पीळ टिकतो कसा.

सांगायचं ते इतकंच, की तिथे वस्तू भरपूर आहेत, पण मला काही कळलं ते वस्तूंकडे बघून नाही. कुणीतरी बोललं, गायलं, हातात दोर दिला, म्हणून कळलं. तुमच्यापैकी कुणी कुठल्या सागरी संग्रहालयात असं व्याख्यान, कार्यशाळा, खेळ पाहिलाय का? आणि आपल्याकडे असं कुठे होतं?

पावशेर

मस्त लिहिलंय. फोटो?

चिकित्सक चिंतोपंत

लेखन ओघवतं आहे, पण दोन शंका.

एक. ज्या जहाजावर ऐंशी वर्षं देवमासे कापून त्यांची चरबी उकळली, त्या डेकवर पाहुण्यांनी टाळ्या वाजवत गाणी म्हणायची, हे मला जरा विचित्र वाटतं. कत्तलखान्यात भावगीतांचा कार्यक्रम ठेवावा तसं.

दोन. माझ्या वाचनानुसार शँटी ही मुख्यतः मालवाहू जहाजांची गोष्ट. मालक खर्च वाचवायला माणसं कमी घेत, म्हणून थोडक्या माणसांकडून जास्त ताकद काढायला गाणं. शिकारी जहाजावर चारपाच होड्या एकाच वेळी पाण्यात सोडायच्या असल्याने तीसबत्तीस माणसं असायचीच. तिथे गाण्याची निकड तेवढी नव्हती. म्हणजे संग्रहालय एका प्रकारच्या जहाजावरचं गाणं दुसऱ्या प्रकारच्या जहाजावर म्हणून दाखवतंय. बाकी चालू द्या.

रापणकराची नात

@पावशेर, फोटोत नवरा वाळूच्या पोत्यासारखा बसलेला आलाय, त्याची परवानगी मिळाली की टाकते.

@चिंतोपंत, दुसरी शंका रास्त. मला हे ठाऊक नव्हतं. त्या बाईने "हे सगळं याच जहाजावर गायलं जायचं" असा दावा केला नव्हता हे मात्र खरं, पण मी तसं धरून चालले होते.

पहिल्याबद्दल थोडं लिहिते, कारण तो भाग मी लेखात गाळला. डेकवर मधोमध विटांची भट्टी आहे, तिच्यावर दोन मोठाल्या कढया. देवमासा जहाजाच्या कडेला बांधून सोलायचे, चरबीचे तुकडे त्या कढयांत उकळायचे आणि जळणाला त्याच चरबीचा चोथा. लाकडी जहाजावर, समुद्राच्या मधोमध, दिवसरात्र आग. हे सगळं संध्याकाळच्या व्याख्यानात सविस्तर आलं. वक्त्याने वासाबद्दल दहा मिनिटं सांगितलं. माझ्या शेजारची बाई उठून बाहेर गेली. म्हणजे कत्तल झाकून ठेवलेली नाही.

त्यातला एक मुद्दा मला फार लागला. या खलाशांना पगार नसे, वाटा असे. सफरीत जेवढं तेल येईल त्याचा हिस्सा. कप्तानाला बारावा ते अठराव्याच्या आसपास, आणि अगदी नव्या पोराला पावणेदोनशेवा किंवा दोनशेवा. वर वाटेत घेतलेले कपडे, तंबाखू त्यातून वजा. तीनचार वर्षांनी पोरगा परत येऊन मालकाचं देणंच लागायचा, असंही घडे. रापणीतही वाटेच असतात: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. पण रापण त्याच दिवशी वाळूवर फुटते आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाटे पडतात. भांडणं होतातच, पण त्याच दिवशी होतात.

आणखी एक. हे जहाज दुरुस्त करून २०१४ मध्ये पुन्हा समुद्रात नेलं, अडतिसावी सफर म्हणून. या वेळी शिकार नाही. न्यू बेडफर्डला, बॉस्टनला जाऊन आलं, आणि मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ देवमासे जमतात तिथे गेलं. बरोबर चित्रकार, शिक्षक, इतिहासकार, लेखक अशी माणसं घेतली होती. देवमासे जहाजाजवळ आले आणि वर सगळे कठड्याला टेकून नुसते बघत उभे. मला हे ऐकताना गलबलून आलं, तुम्ही भावगीत म्हणालात तरी चालेल.

इंजिनरूम

मर्चंट नेव्हीत २२ वर्षं काढली. इंजिनवाला असल्याने गाणं वगैरे काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, कानात बोळे.

आमच्या जहाजांवर दोर ओढायला विंच असते. गाणारा माणूस बेकार झाला तो वाफेच्या इंजिनामुळे, म्हणजे आमच्या पूर्वजांमुळे. माफी असावी. पण एक सांगतो. बंदरात जहाज बांधताना पुढच्या टोकाला पाचसहा जण असतात, मोठा दोर खेचायचा असतो आणि विंचेवर घेण्याआधी थोडा हातानेच आणावा लागतो. तेव्हा रत्नागिरीचा पोरगा असो की फिलिपिन्सचा, तोंडातून काहीतरी लयीत निघतंच. शब्द कुठल्याच भाषेतले नसतात.

अवांतर: मिस्टिकला समुद्रातून माणसं वाचवण्याचं प्रात्यक्षिक दाखवतात असं ऐकलंय. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पुस्तकातल्या चित्रावर भागवलं होतं. पाहिलंत का?

रापणकराची नात

पाहिलं! लेकाचा सगळ्यात आवडता भाग. जहाज किनाऱ्याजवळ खडकावर अडकलंय आणि लाटांमुळे होडी घालता येत नाही, तर करायचं काय? किनाऱ्यावरून छोट्या तोफेने बारीक दोरी जहाजाच्या डोलकाठीवर मारायची. त्या दोरीने जाड दोर ओढून घ्यायचा. त्यावर कप्पी, कप्पीला तरंगतं कडं आणि कड्याला शिवलेली कॅनव्हासची आखूड चड्डी. माणसाने चड्डीत पाय घालून बसायचं आणि किनाऱ्यावरच्यांनी त्याला लाटांवरून ओढून आणायचं. गावकऱ्यांसमोर चड्डीत लटकत येण्याची लाज वाटून कुणी मागे राहिलं असेल का, हा लेकाचा प्रश्न. उत्तर देणारा गृहस्थ पोट धरून हसला, म्हणाला, बुडणाऱ्याला लाज नसते.

टाईनकाठचा

धागा बघून राहवलं नाही. मी इंग्लंडच्या ईशान्येला असतो. इथे हार्टलपूलला ट्रिंकोमाली नावाचं लढाऊ जहाज आहे. पाण्यावर तरंगत असलेलं सगळ्यात जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज. नेल्सनचं व्हिक्टरी त्याहून जुनं, पण ते कोरड्या गोदीत उभं आहे. आणि हे ट्रिंकोमाली बांधलं कुठे? आपल्या मुंबईच्या गोदीत. जमशेटजी बोमनजी वाडियांनी, मलबारच्या सागवानातून. १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं.

आईबाबांना घेऊन गेलो होतो. धक्क्याभोवती त्या काळची दुकानं उभारलीत, तोफ उडवून दाखवतात, तलवारबाजीचा खेळ असतो. बाबांना तलवारीत काही रस नव्हता. ते खाली जाऊन तुळयांवर हात फिरवत बसले. बाबांचे वडील गिरगावात सुतार होते. म्हणाले, "हे लाकूड दोनशे वर्षं समुद्रात आहे आणि आपल्या घरचा दरवाजा दर पावसाळ्यात फुगतो."

आणि गंमत बघा. या जहाजाचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला पहिल्यांदा पाठवले ते जावा नावाच्या जहाजातून. डिसेंबर १८१२ मध्ये त्या जावाला अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने गाठून हरवलं आणि नकाशे गेले तळाला. मग दुसरी प्रत पाठवावी लागली.

@चिंतोपंत, तुमच्या मुद्द्याला पुरवणी: ब्रिटिश आरमारात कामाच्या वेळी गाणं मना होतं. तिथे माणसं शेकड्यांनी, ताकदीची ददात नाही. हुकूम शिट्टीवर, फार तर फिडल वाजायचं. त्यामुळे इथे कुणी शँटी गायला लागलं की आमचे एक ओळखीचे स्वयंसेवक आजोबा कपाळाला हात लावतात.

रापणकराची नात

थांबा थांबा. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे बॉस्टनचं? ते तर अजून उभं आहे, १७९७ चं, माझ्या घरापासून दोनेक तासांवर! म्हणजे मुंबईच्या जहाजाचे नकाशे बुडवणारा इथे शेजारी आणि ते जहाज तुमच्या शेजारी. पुढच्या सुट्टीत त्याला जाब विचारून येते.

सुरमई_फ्राय

ग्रीनिच विसरलात काय मंडळी! लंडनचं नॅशनल मेरिटाइम म्युझियम १९३७ पासून लोकांसाठी खुलं आहे आणि प्रवेश फुकट. हे मुद्दाम सांगते, कारण मिस्टिकच्या तिकिटात चार माणसांचं जेवण होतं. शेजारीच कटी सार्क, १८६९ चं चहा वाहणारं जहाज. २००७ मध्ये आग लागली होती, २०१२ ला पुन्हा उघडलं. त्याच्या पोटात, जिथे चहाच्या पेट्या रचायचे, तिथे छोटं नाट्यगृह आहे. मी तिथे एकपात्री पाहिलाय. प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना जहाजाच्या लोखंडी बरगड्या. नाटक यथातथाच होतं, जागेने तारून नेलं.

पण मला सांगायचंय ते लास्करांबद्दल. ब्रिटिश जहाजांवर काम करणाऱ्या आशियाई खलाशांना इंग्रजीत लास्कर म्हणत, आपल्या लष्कर शब्दावरून. १९१४ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे ५१ हजार लोक होते. मुंबईहून जाणाऱ्या जहाजांच्या डेकवर गुजरातचे आणि रत्नागिरीकडचे, बॉयलरपाशी पंजाबकडचे, आणि जेवणघरात गोव्याचे. मी एका व्याख्यानाला गेले होते. वक्त्या इंग्रज, शब्द उच्चारत होत्या: सेरांग, टिंडल, कॅसब, भंडारी. मला सुरुवातीला काही उमगेना. मग लख्ख प्रकाश पडला! सारंग, तांडेल, कसब, भंडारी. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, त्याचा हाताखालचा, कोठारवाला, स्वयंपाकी. आमच्या हर्णैत निम्मी आडनावं हीच आहेत. प्रश्नोत्तरांत हात वर करून मी ते शब्द नीट म्हणून दाखवले. सभागृहात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. परत येताना ट्रेनमध्ये उगाच रडू आलं.

तिथे १९१५ च्या खलाशांच्या याद्या जपल्यात, स्वयंसेवकांनी त्या संगणकावर चढवल्या, कुणीही शोधू शकतं. माझ्या पणजोबांचे चुलते आगबोटीवर होते म्हणतात. मी गाव घातलं, नाव चार प्रकारांनी घातलं. सापडले नाहीत. आमच्या माणसांची नावं कारकुनाने कानाला वाटली तशी लिहिलेली, त्यामुळे मी अजून हार मानलेली नाही.

शेणवीवाड्यातला

गोव्याच्या खलाशांचा उल्लेख आला म्हणून. मुंबईत धोबीतलाव भागात गोयंकारांचे कूड होते, काही अजून आहेत. गावागावाचा वेगळा कूड. जहाज मिळेपर्यंत तिथे राहायचं, स्वतःची पत्र्याची पेटी भिंतीला, रात्री सगळ्यांनी मिळून रोजारीची प्रार्थना. माझ्या मते तो कूड जसाच्या तसा राखला आणि एखाद्या म्हाताऱ्या तारवट्याला, म्हणजे खलाशाला, बोलतं केलं, तर वेगळं संग्रहालय बांधायची गरज नाही.

हाताच्या कसबाचंच म्हणाल तर ताजं उदाहरण कौंडिण्य. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेलं, खिळ्यांऐवजी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेलं शिडाचं जहाज. गोव्यात बांधलं, शिवणारे कारागीर केरळचे. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. भिंतीवर चित्र होतं, पण आराखडा नव्हता. बोटं शिवायला विसरली नव्हती म्हणून ते झालं. आता त्या कारागिरांनी कुठेतरी बसून चार पोरांना टाका शिकवावा, तिकीट लावून शिकवावा, मी पहिल्या रांगेत.

निशिगंधा_मुलुंड

मुंबईचं नाव निघालं की माझी जखम उघडी होते. विक्रांत. १९६१ साली आलेली आपली पहिली विमानवाहू नौका, १९९७ मध्ये निवृत्त, मग २००१ पासून संग्रहालय. मी सहावीत असताना शाळेने नेलं होतं. एक निवृत्त नौसैनिक काका समजावत होते की एवढ्याशा डेकवरून विमान उडतं कसं. वाफेच्या जोरावर गोफणीसारखं भिरकावतात, आणि उतरताना शेपटीचा आकडा आडव्या तारेत अडकवून थांबवतात. काकांनी खिशातून रबरबँड आणि पेन्सिल काढून ते करून दाखवलं. पेन्सिल थेट आमच्या बाईंच्या अंबाड्यात. मी पुढे इंजिनियर झाले त्यात त्या पेन्सिलीचा वाटा आहे.

२०१२ मध्ये संग्रहालय बंद झालं, २०१४ ला सुमारे ६० कोटींना भंगारात विकली, दारूखान्यात तोडली. लोखंड मोटरसायकलींत गेलं. जहाज राखणं किती महाग असतं हे कळतं मला. पण त्या काकांसारख्यांचं बोलणं तरी कुणी टिपून ठेवायला हवं होतं. त्याला लोखंड लागत नव्हतं.

इंजिनरूम

+१. मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी आहे, १९७८ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींनी सुरू केलेली. सातारा जिल्ह्यातला माणूस, आणि शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायला दिलीप दोंदे यांच्यासारख्यांच्या पाठीशी उभा राहिला. ही मंडळी व्याख्यानं, परिसंवाद भरवतात, ते चांगलं काम आहे. पण तिथे बोलणारे बहुतेक अधिकारी आणि अभ्यासक. सुकाणू धरणारा बोलायला आला असं मी तरी पाहिलेलं नाही.

मास्तर_देवगड

सुकाणू धरणाऱ्याला बोलावल्यावर काय होतं ते मी सांगतो, कारण मी बोलावलं होतं.

मी शाळेत शिकवतो. शाळेचं नाव सांगत नाही, नोकरी आहे. चार वर्षांपूर्वी ठरवलं, आपल्याच गावातले एक म्हातारे तांडेल, शिडाच्या गलबतावर मंगलोर ते मुंबई कौलं वाहिलेले, त्यांचं मुलांपुढे भाषण ठेवू. बॅनर आला. बॅनरवर पाहुण्यांचे सात फोटो, तांडेलांचा नव्हताच. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक. सातपैकी पाच जण सागरी वारशावर बोलले, आरमार, आंग्रे, विजयदुर्ग सगळं झालं. विजयदुर्गापासून हाकेवर गिर्ये, तिथे खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी अजून दिसते. पाचपैकी एकानेही मुलांना "चला, बघून येऊ" म्हटलं नाही. दीड तासाने तांडेलांच्या हातात माईक आला. ते माईककडे बघत राहिले. "मी काय सांगू, तुम्ही सगळा सांगितलाच," म्हणाले आणि बसले. मुलं टाळ्या वाजवून सुटली.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना स्कूटरवर घरी सोडायला गेलो. वाटेत बंदरावर थांबायला लावलं. तिथे एक पोरगा होडी बांधत होता, गाठ चुकीची घालत होता. तांडेल उतरले, त्याच्या हातातला दोर घेतला आणि पाऊण तास बोलले. वारा, नक्षत्रं, कौलं कशी रचायची म्हणजे जहाज कलत नाही, कुठल्या खडकाला कुठलं नाव. ऐकायला आम्ही दोघं.

चिकित्सक चिंतोपंत

मास्तर, हा प्रतिसाद मूळ लेखाहून मोलाचा आहे. लेखिकेने रागावू नये.

माझी भूमिका थोडी बदलतो. कामाचं गाणं मंचावर आणलं की ते नाटक होतं, हे माझं म्हणणं कायम. पण माणसाला मंचावर आणून दोर काढून घेतला तर नाटकसुद्धा होत नाही, हे मान्य.

मात्र भलती स्वप्नं नकोत. मिस्टिकमागे १९२९ पासूनची संस्था, देणग्या आणि पगारी माणसं आहेत. तिथे शँटी गाणारा नोकरीला असतो. आपल्याकडे तांडेलाला मिळते शाल आणि नारळ. तोही जो रोज नारळाच्या झाडाखाली बसतो त्याला.

सुरमई_फ्राय

शाल मे महिन्यात. कोकणात.

रापणकराची नात

रागावले नाही चिंतोपंत, उलट मास्तरांचं वाचून रात्री झोप लागली नाही. स्टॅन ह्यूगिल नावाचा एक शँटीवाला होता, १९२९ मध्ये बुडालेल्या गार्थपूल या शेवटच्या काही ब्रिटिश व्यापारी शिडाच्या जहाजांपैकी एकावर काम केलेला. म्हातारपणी तो इंग्लंडहून मिस्टिकला येऊन गायचा. आज तिथे गाणारी मंडळी त्याचं गाणं ऐकून, बघून शिकलेल्यांची साखळी आहे. आमच्या साखळीत मीच तुटलेली कडी, असं मनात येत राहिलं. आजा ८६ वर्षांचा आहे. रापण त्याने कधीच सोडली. ट्रॉलर आणि मोठ्या जाळ्यांपुढे किनाऱ्याला मासळीच येईना.

शनिवारी व्हिडिओ कॉल लावला. काकाने त्याला पडवीत खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, आजा, रापण ओढताना म्हणायचास ते म्हणून दाखव. त्याने विचार केला. दोन शब्द बोलला, थांबला. पुन्हा सुरू केलं, भलतंच, भजन. मग वैतागला. "दोर हातात नाय, तर गाणा खंयसून येतला?"

मी काकाला म्हटलं, कपडे वाळत घालायची दोरी सोडून आण. काकाला वाटलं मला वेड लागलं. पण आणली. एक टोक पडवीच्या खांबाला, एक टोक आजाच्या हातात. आजा खुर्चीतून उठला, काकाने धरलं, त्याने काकाचा हात झटकला. पाय रोवले. दोरी ताणली, आणि तोंडातून आवाज निघाला तो थेट माझ्या लहानपणातला. ओ द्यायला कुणी नव्हतं म्हणून काका देऊ लागला, मग आतून काकी, आणि इकडे कनेक्टिकटात मी आणि लेक. लेक मध्ये मध्ये शँटीचं पालुपद घुसवत होता. लयीत बसत होतं.

रेकॉर्डिंग एक मिनिट चाळीस सेकंदांचं आहे. मागे कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत आणि शेवटी खांबाची खुंटी निघून आल्याचा आवाज. मास्तर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तुमच्या तांडेलांना शाळेत नको, पोरांना बंदरावर न्या. माईक नको, बॅनर नको.

मास्तर_देवगड

व्यनि मिळाला. कुकरसकट ऐकलं, तीनदा. पुढच्या रविवारी आठवीची पंधरा मुलं घेऊन बंदरावर जातोय. तांडेलांना सांगितलंय की मुलांना गाठी येत नाहीत. "कशी येतली?" एवढंच म्हणाले, पण शर्ट धुवायला काढलाय असं सूनबाई सांगत होत्या.

चिकित्सक चिंतोपंत

मला पण पाठवा. आणि आजोबा ओढताना जे म्हणतात, त्याचा अर्थ काय? व्युत्पत्ती लागते का बघतो.

रापणकराची नात

पाठवलं. अर्थ मीही विचारला होता. आजा म्हणाला, "अर्थ कसलो तेचो? ओढूचा आसता."

पावशेर

नवऱ्याची परवानगी मिळाली का?